माजाळीच्या किनाऱ्यावर मिळालेला पातळ, फुगीर शंख – कसला आहे हा?

वडगावची_वैनी
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी बेळगावहून कारवारला जाऊन आलो, रामनगर-जोयडा-अणशी-कद्रा असं करत, रस्त्याबद्दल वेगळा धागा काढते कारण तो विषय लई मोठा आहे. तर माजाळीला भरतीच्या रेषेत, वाळक्या शेवाळात आणि काटक्यांत लेकीला एक शंख मिळालाय. नखाएवढा, पांढुरका, उजेडात धरला की मागचं बोट दिसतंय, एकदम फुगीर, आणि त्याला टोकच नाही. शंखाला वर निमुळती वेटोळी असतात न्हवं, ती नाहीतच, वरनं बघितलं तर उलट खळगा आहे. तोंड मात्र ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं. अजून होते पण ते पिशवीतच चुरा झाले. शाळेत संग्रहाच्या वहीत नाव लिहून न्यायचंय. सासूबाई म्हणतात देव्हाऱ्यात ठेव, नवरा म्हणतोय कुठल्यातरी पक्ष्याचं अंडं असणार. कुणाला माहीत आहे काय?

निपाणी_एक्स्प्रेस
अंड्याला वेटोळं तोंड कुठलं असतंय वैनी, भावजींना एकदा बाजारात पाठवा अंडी आणायला 😄 बाकी मला शंखातलं काही कळत नाही, आमच्याकडं समुद्र म्हणजे वेदगंगेला पूर आला की जे दिसतंय ते. धागा वाचायला बसलोय.

खंदकातला_मासा
फोटो टाका की आधी. पातळ, फुगीर, नखाएवढा म्हणजे फायसा असणार, टाकीतली गोगलगाय. माझ्या टाकीत झाडांबरोबर आली आणि मग काय, काचेवर सगळीकडं तीच. पावसाळ्यात ओढ्यातनं वाहत समुद्रात गेली असेल. विषय संपला.

वडगावची_वैनी
फोटो टाकलेत. एकात तोंड वर, एकात पाठ, एकात वरचा खळगा.

काळीकाठ
वैनी, छान फोटो, खळग्याचा फोटो काढलात हे फार बरं केलंत कारण निम्मं उत्तर तिथंच आहे.

फायसा नाही हो खंदकदादा. फायसा गोड्या पाण्यातली, तिला वर छोटं का होईना पण स्पष्ट टोक असतं, आणि मुख्य म्हणजे ती डावखुरी. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरलं की फायसाचं तोंड डाव्या बाजूला येतं. वैनींच्या फोटोत तोंड उजवीकडं आहे आणि टोक तर नाहीच, शेवटचं वेटोळं इतकं मोठं झालंय की त्यानं आधीची सगळी वेटोळी पोटात घेतलीत. त्यामुळं तोंड शंखाच्या लांबीइतकं, किंबहुना वरच्या बाजूला थोडं जास्तच.

ही बबल शेलवाली मंडळी, म्हणजे बुडबुड्यासारख्या फुगीर शंखाची. त्यातही इतका पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा आणि बिनरंगाचा म्हणजे माझ्या मते हॅमिनोइडी हे कुटुंब, पिल्सब्रींनी १८९५ साली मांडलेलं. नुसत्या शंखावरून प्रजाती मात्र मी सांगणार नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगितली तर विश्वास ठेवू नका. ह्यांचे शंख एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की जिभेवरचे दात, पोटातल्या पट्ट्या आणि प्रजननाचे अवयव बघितल्याशिवाय तज्ज्ञसुद्धा पुढं जात नाहीत. वहीत कुटुंबाचं नाव लिहा, जागा लिहा, तारीख लिहा. एवढं पुरे.

खंदकातला_मासा
डावखुरी वगैरे आता टाकीत जाऊन बघितलं, खरंच डावीकडं उघडतंय की. इतकी वर्षं बघायलोय, कधी लक्षच गेलं नव्हतं. पण मॅडम एक शंका, असला पापुद्रा घेऊन समुद्रात टिकते कशी? खेकड्यानं नुसतं बोट लावलं तर फुटेल की.

अथणीची_अक्का
हेच विचारणार होते. आणि तो प्राणी आत मावतो तरी काय?

काळीकाठ
अक्का, मावत नाही! तीच तर गंमत. आपण गोगलगाय म्हटलं की शिवलं की आत गेली आणि दार लावून घेतलं असं डोळ्यासमोर आणतो. हिला दार नाही, आणि पूर्ण आत जायची सोय पण नाही. जिवंत असताना शंख बऱ्यापैकी झाकलेलाच असतो. पायाच्या दोन्ही बाजूंचे पदर वर येऊन त्याला कवेत घेतात, मागनं अंगाचा पडदा येतो, आणि पुढं डोक्यावर एक चपटी मांसल ढाल. ह्या ढालीवरूनच अख्ख्या गटाला सेफॅलॅस्पिडिया म्हणतात. शिंगं नाहीत हं. दोन बारके काळे डोळे त्या ढालीतच बुडालेले असतात, नीट बघितलं तरच दिसतात.

ढालीचा उपयोग वाळूत, चिखलात घुसायला. पुढं रेटत जायचं, वरनं चिकट स्राव सोडायचा म्हणजे वाळू आत कल्ल्यापर्यंत जात नाही. ढालीच्या खाली दोन्ही कडांना वास घ्यायचे अवयव असतात, हॅनकॉकचे अवयव म्हणतात त्यांना. चिखलात डोळ्यांचं काम फारसं नाहीच, अन्न कुठं आणि आपल्यातलं दुसरं कोण कुठनं गेलंय हे वासावरच चालतं.

खाणं म्हणाल तर ह्या कुटुंबातल्या बहुतेक शाकाहारी. चिखलावर जो तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर असतो ना, त्यातले डायटम (डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव) आणि बारीक शेवाळ. डायटमचं कवच सिलिकाचं म्हणजे काचेच्या जातीचं, ते फोडायला पोटात तीन कडक पट्ट्या असतात, त्यात भरडून मग पुढं पाठवायचं.

माजाळीकर
मॅडमनी लिहिलंय ते वाचून आता कळलं काय ते. काळी नदीच्या मुखाकडं सुकतीला तिसऱ्या काढायला जातात न्हय, तिथं चिखलावर ह्या बोटाच्या पेरापेक्षा बारक्या काळपट गोळ्या हळूहळू सरकत असतात, मागं बारीक चर पडत जातो. हातात घेतलं की सगळा बुळबुळीत शेंबूड. आम्ही पोरं असताना फेकून मारायचो एकमेकांना. आत शंख असतो हे आजपर्यंत माहीत नव्हतं, कोण बघतंय. आमच्याकडं खुबे खातात, तिसऱ्या खातात, हे कुणी खात नाही.

आणि थंडीत त्याच चिखलात शेवाळाला चिकटलेले जेलीचे गोळे पण असतात, पारदर्शक, आत पांढरे-पिवळे ठिपके. ती ह्यांचीच अंडी काय?

काळीकाठ
अगदी शक्य आहे, पण समुद्रात जेलीत अंडी घालणारे लई आहेत, काही वळवळ्या किड्यांचे गोळेही तसेच दिसतात. गोळ्याशेजारी ते स्वतः सापडले तर खात्री धरा. ह्यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक जण दोन्ही, त्यामुळं अंडी घालताना कुणीही दिसेल.

अंड्यांवरनं आठवलं. ह्याच कुटुंबात जपानकडची एक आहे, हॅमिनिआ जपोनिका, आता तिला हॅलोआ म्हणतात. साधारणपणे गोगलगायीची एक जात एकच पद्धत पाळते, एकतर पिल्लं पाण्यात पोहत सुटणार आणि काही दिवसांनी तळाला बसणार, नाहीतर अंड्यातनंच तयार होऊन सरपटत बाहेर येणार. ही बाई एकाच जेलीच्या गोळ्यातनं दोन्ही प्रकारची पिल्लं काढते! काही पोहत दूर जाणार, काही आईच्याच चिखलात राहणार. अशी उदाहरणं प्राण्यांत फार थोडी आहेत. नव्या किनाऱ्यावर पाय रोवायला ह्याच्यापेक्षा चांगली युक्ती नाही, आणि तिनं ते करूनही दाखवलंय, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि युरोपात पोचलीय. कालवांच्या वाहतुकीबरोबर गेली असावी असं मानतात.

निपाणी_एक्स्प्रेस
म्हणजे एक पोरगं पुण्याला आणि एक घरच्या शेतावर. आमच्याकडं घरोघरी हेच चाललंय.

अथणीची_अक्का
ते जपानवालं वाचून एक विचारते. आमच्या लेडीज ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की असल्या समुद्री गोगलगायीनं अंगाला खाज सुटते, लहान मुलांना हात लावू देऊ नका. वैनीच्या लेकीनं तर हातात घेतलंय. खरं काय त्यात?

वडगावची_वैनी
अक्का तुम्ही घाबरवायलाय मला 😟

काळीकाठ
वैनी, निवांत राहा. फॉरवर्डच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे पण ती पूर्ण सांगितलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अलामेडा इथल्या पोहायच्या किनाऱ्यावर २००५ साली लोकांच्या अंगावर खाजरे पुरळ उठले. शोध घेतल्यावर कळलं की कारण गोगलगाय स्वतः नव्हे, तर तिच्या अंगात वाढणारा एक परजीवी, पाणपक्ष्यांच्या रक्तातला चपटा कृमी. त्याची अळी गोगलगायीतनं बाहेर पडून पाण्यात पक्षी शोधत असते, चुकून माणसाच्या कातडीत शिरते आणि तिथंच मरते. खाज येते, काही दिवसांत जाते. आणि ती गोगलगाय होती हीच हॅमिनिआ जपोनिका.

म्हणजे उथळ कोमट पाण्यात, जिवंत आणि तो कृमी असलेल्या गोगलगायी असतील तिथं पोहलं तर. वाळलेला रिकामा शंख हातात घेऊन काहीएक होत नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतनं सुद्धा ह्याच जातीची खाज येते, तळ्यात म्हशी धुणाऱ्यांना विचारा.

मुलांना खरं सांगायचं असेल तर कोन शंखाबद्दल सांगा. शंकूसारखा, जाड, नक्षीदार, एका टोकाला रुंद. तो जिवंत असेल तर विषारी दात मारतो, मोठ्या जातींच्या दंशानं माणसं गेलेली आहेत. आपल्या किनाऱ्यावरही कोन शंख आहेत. नक्षीदार शंख आणि आत प्राणी, तर हात लावायचा नाही, एवढा नियम घरात करून टाका.

चोर्ला_रायडर
उशिरा आलो धाग्यावर. बुडबुडेवाला शंख म्हणजे जांभळा असतो न्हवं? पावसाळ्यात चोर्लामार्गे मोरजीला गेलेलो तेव्हा किनाऱ्यावर पडलेले, पातळ, मस्त जांभळे, आणि त्याला खरोखरचे बुडबुडे चिकटलेले. माझ्या मते वैनींचा तोच, उन्हानं रंग उडाला असेल.

काळीकाठ
रायडरभाऊ, तुमचा वेगळा, पण त्याच्यावर लिहायला मला कधीही आवडेल. ती जँथिना. शंख तिचाही पातळ पण त्याला व्यवस्थित वेटोळी आहेत, वरनं दिसतात, आणि तोंड लांबीभर नसतं. त्यामुळं रंग उडाला तरी गल्लत व्हायचं कारण नाही. तुम्ही पाहिलेले बुडबुडे तिचेच. पायानं हवा पकडून त्याभोवती चिकट स्राव गुंडाळते, तो कडक होतो, असे बुडबुडे जोडून तराफा करते आणि त्याला उलटी लटकून अख्खं आयुष्य समुद्राच्या पृष्ठभागावर काढते. तिला पोहता येत नाही, तराफा सुटला की बुडाली आणि मेली. पाण्यावरच तरंगणारे जेलीफिशसारखे निळे जीव, पॉर्पिटा, व्हेलेला आणि ब्लूबॉटल, हे तिचं खाद्य. पावसाळी वारा हे सगळं एकदमच किनाऱ्यावर आणून टाकतो, म्हणून जँथिना दिसली की आसपास ब्लूबॉटल आहे का बघा, निळे दोरे पायाला लागले तर रात्रभर आठवण राहते.

आपल्या धाग्यातल्या मंडळींच्या शंखाचा नुसता आकार फुगीर, बुडबुडे ती काही करत नाहीत, तळाशी चिखलातच राहतात.

खंदकातला_मासा
मॅडम, शेवाळ खातात म्हणताय तर मग काच साफ करायला भारीच. माझी एक खाऱ्या पाण्याची टाकी पण चालू आहे कॅम्पात, माजाळीकरांनी थोड्या जिवंत धरून दिल्या तर थंडीत येऊन नेतो. दुकानात काच साफ करणाऱ्या म्हणून दिलेल्या गोगलगायी एका आठवड्यात मेल्या, पैसे गेले ते गेले, वर टाकीला वास.

माजाळीकर
धरून देणं काही अवघड नाही पण तुमच्या टाकीत चिखल आहे काय? आमच्याकडं पावसाळ्यात मुखाशी पाणी जवळजवळ गोडं होतं आणि मार्च-एप्रिलात खारट. इतकं बदलणाऱ्या पाण्यात राहणारा जीव तुमच्या एकसारख्या पाण्यात काय करणार.

काळीकाठ
खारेपणा त्या सोसतील कदाचित, चिखल आणि डायटम कुठनं आणणार? तुमच्या काचेवरचं हिरवं आणि त्यांच्या चिखलावरचा थर एक नव्हे. परदेशात हौशी लोकांच्या टाक्यांत ह्या कुटुंबातल्या काही जाती दगडांबरोबर आपोआप येतात, कधी भरपूर वाढतात आणि खाणं संपलं की एकदम मरतात. शिवाय आयुष्य मुळातच थोडं, बऱ्याचशा साधारण वर्षभरात संपतात. अंडी घालून झालेल्या धरून आणल्या तर तुमच्या टाकीत त्या म्हातारपणानंच जातील आणि तुम्ही पुन्हा पाण्याला दोष देणार. माझं मत विचाराल तर नको.

खंदकातला_मासा
पटलं अर्धं. पण माझा पहिला प्रश्न राहिलाच की. आत मावत नाही, दार नाही, बोटानं फुटतो, मग शंख ठेवलाय कशाला?

अथणीची_अक्का
सासरचा दागिना आहे, उपयोग नसला तरी टाकवत नाही 😄

काळीकाठ
अक्का 😂 खंदकदादा, ह्या प्रश्नावरच तर मी कारवारला असताना आमच्या कोडीबागच्या मरीन बायोलॉजी विभागात चहावर चहा व्हायचा.

असं बघा. ह्याच गटातली बुला घ्या. बुला अँपुला, लिनियसनंच १७५८ साली नाव दिलेली, पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत होते, राखाडी-तपकिरी डागांची, शंख बऱ्यापैकी जाड, प्राणी संपूर्ण आत जातो. दिवसा वाळूत गाडून घेते, रात्री शेवाळ खायला वर येते. मग आपल्या हॅमिनोइडी कुटुंबातली हॅमिनिआ, शंख पातळ, प्राणी अर्धा बाहेर. हिच्याच कुटुंबात स्मॅरॅग्डिनेला म्हणून एक हिरवी आहे, लाटा आपटतात त्या खडकांवर राहते, तिचा शंख म्हणजे पाठीवर उरलेला एक पसरट तुकडा. आणि बाजूच्या कुटुंबातली फिलिने, तिचा तर शंख अंगाच्या आतच, बाहेरनं कळतसुद्धा नाही. पुढं गेलं की शंख अजिबातच नसलेल्या समुद्री गोगलगायी, त्या रंगीबेरंगी, ज्यांचे फोटो सगळे शेअर करतात.

पण ह्याची एक सरळ शिडी लावू नका की बुला पहिली पायरी आणि बिनशंखाची शेवटची. शंख कमी होणं किंवा जाणं हे ह्या मोठ्या गटात वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घडलंय. हॅमिनिआ कुठं अर्धवट वाटेवर अडकलेली नाही. तिला चिखलातनं जायचंय, जड शंख ओढत नेणं परवडत नाही. आणि पातळ असला तरी आतले कल्ले, काळीज, पचनाचा भाग ह्यांच्यावर काहीतरी आच्छादन राहतंय, वाळूच्या दाबाखाली ते कमी नाही.

संरक्षणाचं म्हणाल तर ते आता शंखाकडं नाहीच, रसायनांकडं आहे. भूमध्य समुद्रातल्या हॅमिनिआ नॅविक्युलाला डिवचलं की ती पिवळा स्राव सोडते, त्यात हॅमिनॉल नावाची द्रव्यं सापडलीत. मागनं तिच्याच चिकट वाटेवरून येणारी दुसरी त्या जागी पोचली की थबकते आणि वळून निघून जाते. म्हणजे पुढं गडबड आहे हा निरोप वाटेवरच ठेवलेला. जाड कवच एकट्याला वाचवतं, ह्या निरोपानं मागचे वाचतात. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

चिकोडी_९१
इतका वेळ नुसता वाचत होतो. सगळ्या बबलवाल्या शाकाहारी काय मग?

काळीकाठ
छे. फिलिने मांसाहारी, बारके शिंपले अख्खे गिळून पोटातल्या चुनखडीच्या पट्ट्यांनी फोडते. आणि हायडॅटिना बघितलीत तर थक्क व्हाल. शंख हिचाही पातळ, फुगीर, क्रीम रंगावर तपकिरी बारीक रेघा, आणि प्राणी गुलाबी झालरींचा, कडेला निळसर झाक. दिसायला इतकी नाजूक आणि खाते काय तर वाळूतले किडे, तेसुद्धा सिर्राट्युलिड ह्या एकाच कुटुंबातले. रेघांचा शंख मिळाला तर तो हॅमिनोइडी समजू नका, ते कुटुंब वेगळं.

चोर्ला_रायडर
कायद्याचं पण सांगा की कुणीतरी. मागं एका चेकपोस्टवर शंखांची पिशवी बघून अर्धा तास उलटतपासणी केली माझी.

माजाळीकर
सगळ्यांना बंदी नाही. नॉटिलस, मोठा ट्रायटन, ट्रायडॅक्ना शिंपला, असले काही २००१ साली १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आले, बबल शेल त्या यादीत नव्हते. पण पिशव्या भरून नेऊच नका ना. रिकाम्या शंखात साधू खेकडे राहायला येतात, त्यांना दुसरं घर कुठलं.

बघायलाच यायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या, त्या दिवसांत सुकती पहाटे आणि दिवस कलताना येते, पाणी लई मागं जातं. चिखलात चप्पल रुतते, अनवाणी गेलात तर कालवं कापतात, जुने बूट आणा. तिळमातीला शोधू नका, तिथं काळी वाळू आणि लाटांचा मार, असले जीव तिथं टिकत नाहीत. मुखाच्या आतल्या बाजूला चला.

चिकोडी_९१
माझ्याकडं गणपतीपुळ्याहून आणलेला एक लांबट, पांढरा, गुळगुळीत आहे. तो पण ह्यातलाच काय?

काळीकाठ
लांबट पांढऱ्या जाती हॅमिनोइडीत आहेत, पण लोक आणतात तो बहुतेक वेळा ऑलिव्ह असतो, तो वेगळ्याच गटातला जाड, गुळगुळीत शंख. वरच्या टोकाला बारीक वेटोळी दिसतात का बघा, आणि हातात वजन लागतंय का बघा. वेटोळी आणि वजन दोन्ही असेल तर ऑलिव्ह. फोटो टाकताना तोंड आपल्याकडं, टोक वर, शेजारी रुपयाचं नाणं. फ्लॅश नको, चकाकीत काही दिसत नाही.